चेन्नईतून सांगलीला एक पोस्टकार्ड

चेन्नईला निघालात की लोक काय काय सांगतात? मरीना बीच बघ, कांजीवरम साड्या घे, फिल्टर कॉफी पी. मीही हे सगळं केलं. पण या नवरात्रात मी गेले होते ती ताईकडे, आणि आठवडाभर जी चेन्नई फिरले ती माझ्या आठ वर्षांच्या भाचीची चेन्नई होती. तुमच्याही घरात एखादं मूल असेल आणि पुस्तक दिसलं की ते तोंड फिरवत असेल, तर ही सफर तुमच्यासाठीच आहे.

रोज संध्याकाळी साडेसात

ताई आणि भावजी नोकरीसाठी चेन्नईला आले तेव्हा भाची जेमतेम दोन वर्षांची होती. आता ती शाळेत इंग्रजी आणि तमिळ शिकते, सोसायटीच्या आवारात तमिळमध्ये भांडते आणि घरात अस्खलित मराठी बोलते. फक्त मराठी वाचायला तिला नको असतं.

पहिल्याच संध्याकाळी कारण कळलं. साडेसात वाजता ताई मराठीचं पुस्तक घेऊन डायनिंग टेबलाशी बसली. भाचीने वाचायला सुरुवात केली. पहिल्या ओळीत ती तीनदा अडखळली, तिन्ही वेळा ताईने थांबवलं. "नीट बघ. ऱ्हस्व आहे की दीर्घ?" पान संपल्यावर प्रश्न आले. गोष्टीतून काय शिकलीस? कावळा कसा होता? भाचीचे डोळे भरून आले, ताईचा आवाज चढला आणि पुस्तक मिटलं.

झोपताना भाची मला म्हणाली, "मावशी, मला मराठी बोलायला आवडतं. वाचलं की आई रागावते."

ताईलाही दोष देता येत नाही. तिच्या हट्टामागे सांगलीची आजी आहे. माझी आजी, म्हणजे भाचीची पणजी. भाची तिला मोठी आजी म्हणते. वय चौऱ्याऐंशी. गेल्या दोन वर्षांत तिला ऐकू येणं फार कमी झालंय. फोन लावला की दोन मिनिटं "काय? काय म्हणालीस?" होतं आणि मग ती फोन आईकडे देते. पण चष्मा लावून ती रोजचा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचते. ताईचं म्हणणं एवढंच होतं, "हिला मराठी लिहिता-वाचता आलं नाही, तर या दोघी बोलणार कशा?"

प्रश्न खरा होता. उत्तर मात्र साडेसातच्या त्या टेबलावर सापडत नव्हतं. मी ताईला म्हटलं, "मी आहे तोवर हा तास बंद ठेव. हिला मी फिरवते."

पिवळ्या पाट्यांची शाळा

ताईचं घर वेलाचेरीला आहे. इथून उन्नत मार्गावरची एमआरटीएसची लोकल निघते. तिरुवान्मियूर, कोट्टूरपुरम, मैलापूर अशी आमची सगळी ठिकाणं याच एका मार्गावर येतात. तिकीट स्वस्त, आणि खिडकीतून छपरं, नारळाची झाडं, अड्यार नदी दिसत राहते.

प्रत्येक स्टेशनवर रेल्वेची पिवळी पाटी. त्यावर तमिळ, हिंदी आणि इंग्रजी अशा तीन लिप्यांत नाव. माझ्या आधी भाचीच्याच लक्षात आलं की मधली अक्षरं घरच्या पुस्तकासारखी आहेत. मग खेळ सुरू झाला. गाडी थांबली की देवनागरी नाव आधी कोण वाचतं? ती तमिळवरून अंदाज बांधायची, मग देवनागरी अक्षरांवर बोट ठेवून पडताळून बघायची.

तिच्या गावच्या नावाने तर धमालच केली. तमिळ लोक वेलाचेरीला 'वेळच्चेरी' म्हणतात. त्यात आपला ळ आहे! हिंदी बोलणारी तिची मैत्रीण 'केळं' म्हणताना अडखळते, पण तमिळ आणि मराठी मुलांना हा ळ आयताच मिळतो. भाचीला याचा केवढा अभिमान वाटला. "म्हणजे मला अर्धी मराठी तमिळमधूनच येते!" भाषाशास्त्राच्या दृष्टीने हे तितकंसं बरोबर नसेल, पण मी काही दुरुस्त केलं नाही.

तुमच्या शहरातही पाट्या आहेतच. बसचा फलक, दुकानाचं नाव, औषधाची बाटली, इडलीच्या पिठाचं पाकीट. वाचायला सुरुवात पुस्तकापासूनच करायला हवी असं कुठे आहे?

झाडाखालचं वाचनालय

दुसऱ्या दिवशी कोट्टूरपुरमला अण्णा शताब्दी वाचनालयात गेलो. 15 सप्टेंबर 2010 रोजी सुरू झालेली ही नऊ मजली इमारत आहे. ब्रेल पुस्तकांचा वेगळा विभाग आहे. घरून स्वतःची पुस्तकं आणून बसणाऱ्यांसाठी वेगळा कक्ष आहे आणि तिथे स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलं तासन् तास बसतात. मुलांच्या विभागात मधोमध एक मोठं कृत्रिम झाड उभं केलंय. आजूबाजूला मुलांच्या उंचीची कपाटं, बुटक्या खुर्च्या.

या वाचनालयाची एक गोष्ट तुम्हाला सांगायलाच हवी. सुरू होऊन जेमतेम वर्ष झालं असताना, 2011 मध्ये, वाचनालय दुसरीकडे हलवून या इमारतीत मुलांचं रुग्णालय करायचा सरकारी निर्णय झाला होता. लोक हायकोर्टात गेले, कोर्टाने स्थगिती दिली आणि वाचनालय जागेवर राहिलं. एखाद्या शहराने वाचनालयासाठी कोर्टाची पायरी चढावी, हे मला फार आवडलं.

भाचीने काय वाचलं म्हणाल? आधी एक डायनासोरचं पुस्तक, फक्त चित्रं. मग एक तमिळ पुस्तक अर्ध्यात सोडलं. मग पुन्हा तोच डायनासोर. सोबत आलेल्या ताईची चुळबुळ सुरू झाली. "अगं, काहीतरी पूर्ण तरी वाच." मी तिला हळूच बाजूला नेलं आणि याच शहरातल्या एका मोठ्या माणसाची आठवण करून दिली.

डॉ. एस. आर. रंगनाथन 1924 मध्ये मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्याआधी ते गणित शिकवायचे. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचा पाया त्यांनी घातला. 1931 मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांचा साध्या भाषेत सारांश असा: पुस्तकं वापरण्यासाठी असतात, जपून कुलपात ठेवण्यासाठी नाही. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळायला हवं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. वाचकाचा वेळ वाया जाऊ नये. आणि ग्रंथालय वाढत राहतं, जिवंत गोष्टीसारखं.

यातला 'त्याचं पुस्तक' हा शब्द ताईच्या मनात बसला असावा. आईने निवडलेलं नाही, शाळेने निवडलेलं नाही, त्याचं. आपण मोठी माणसं तरी प्रत्येक पुस्तक कुठे पूर्ण वाचतो? चाळतो, आवडलं नाही की ठेवून देतो. मुलांना मात्र हा हक्क द्यायला आपण कचरतो.

'चांदोबा'चा पत्ता

तिसऱ्या दिवशी मेट्रोने वडपळनीला गेलो. तिथे बघण्यासारखं काय आहे, असं भावजी विचारत होते. खरं तर आता बघण्यासारखं फार काही नाही. मोठा रस्ता, मॉल, हॉस्पिटल. पण एकेकाळी इथे विजया-वाहिनी हा प्रचंड मोठा फिल्म स्टुडिओ होता. त्याचे मालक बी. नागी रेड्डी आणि त्यांचे सहकारी चक्रपाणी यांनी जुलै 1947 मध्ये, म्हणजे स्वातंत्र्याच्या महिनाभर आधी, मुलांसाठी एक मासिक काढलं: 'चंदामामा'. आधी तेलुगू आणि तमिळमध्ये, मग एकेक करून इतर भाषांमध्ये. 1952 मध्ये ते मराठीत आलं आणि त्याचं नाव झालं 'चांदोबा'.

हो, तोच चांदोबा! विक्रम-वेताळवाला. खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेला राजा विक्रम ज्यांच्या चित्रांमुळे घराघरांत पोचला, ते चित्रकार 'शंकर' म्हणजे के. सी. शिवशंकरन याच शहरात बसून चित्रं काढत. 2020 मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. आपल्या आजी-आजोबांनी, आई-बाबांनी सुट्टीत लोळून वाचलेला चांदोबा मद्रासहून यायचा. मासिक बंद पडूनही आता बरीच वर्षं झाली.

रस्त्याच्या कडेला उभं राहून मी भाचीला मोठ्या आजीची गोष्ट सांगितली. चांदोबात फोटोंना शीर्षक द्यायची स्पर्धा असायची. दोन फोटो छापलेले असत. दोन्हींना शोभतील आणि एकमेकींशी जुळतील अशा दोन छोट्या ओळी सुचवायच्या आणि पोस्टकार्डावर लिहून पाठवायच्या. आजी लहान असताना तिने असं एक कार्ड पाठवलं होतं. पत्ता: वडपळनी, मद्रास.

"मग? जिंकली मोठी आजी?"

"नाही. पण पुढचे दोन महिने अंक आला की ती आधी ते पान उघडायची."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मोठी आजी लहान असताना तिचं पत्र इथे आलं होतं? माझ्या चेन्नईत?"

परतताना मेट्रोत आम्ही तोच खेळ खेळलो. माझ्या मोबाइलवर दोन फोटो काढले: फलाटावर झोपलेलं मांजर आणि मॉलच्या दाराशी पेंगुळलेले एक आजोबा. भाचीचं शीर्षक: 'ह्याची ड्युटी संपली' आणि 'ह्यांची कधी संपणार?' डब्यात आम्ही दोघी इतक्या हसलो की समोरच्या काकूंनी तमिळमध्ये कारण विचारलं, आणि भाचीने त्यांनाही भाषांतर करून सांगितलं. घरी आल्यावर तिने स्वतःहून वही मागितली. त्या दोन ओळी लिहून ठेवायच्या होत्या, विसरायच्या आत.

हा खेळ घरी नक्की करून बघा. दोन फोटो, दोन ओळी, खर्च शून्य. आजोबाही खेळतील.

पुस्तक हातानेही होतं

मुलांच्या पुस्तकांच्या बाबतीत चेन्नई आजही मागे नाही. 1996 मध्ये सुरू झालेलं 'तूलिका' हे प्रकाशन मुलांची चित्रपुस्तकं नऊ भाषांत काढतं आणि त्यात मराठी आहे. एकाच पानावर दोन भाषा असलेली त्यांची पुस्तकं भाचीसारख्या मुलांना फार सोयीची पडतात. अडलं की शेजारच्या ओळीत डोकवायचं, कुणाला विचारायला नको.

तिरुवान्मियूरला 'तारा बुक्स'ची 'बुक बिल्डिंग' आहे. 1994 मध्ये गीता वुल्फ यांनी सुरू केलेल्या या प्रकाशनाची काही पुस्तकं हातकागदावर स्क्रीन प्रिंटिंगने छापली जातात आणि हाताने शिवली जातात. मध्य प्रदेशातल्या गोंड चित्रकारांनी काढलेल्या झाडांचं, काळ्या कागदावर छापलेलं त्यांचं एक पुस्तक जगभर गाजलंय. ते भाचीने कितीतरी वेळ हातात धरलं. पान वास घेऊन पाहिलं, शाईवरून बोट फिरवलं, शिवण कुठे आहे ते शोधलं.

त्या रात्री ताईच्या घरी सुई-दोरा निघाला. सहा कोरे कागद, मधोमध दुमड, तीन टाके. झालं पुस्तक. मुखपृष्ठावर भाचीने मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'माझी चेनई'. दुसरा 'न' राहिला होता. ताईने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. ताईने तोंडातले शब्द गिळले. हे तिच्यासाठी सोपं नव्हतं, हे मला दिसत होतं.

आता तुम्ही विचाराल, चुका कधीच सांगायच्या नाहीत का? सांगायच्या की. पण मूल लिहित असताना नाही, आणि सगळ्या एकदम नाहीत. आपण गप्पा मारत असताना कुणी दर वाक्याला व्याकरण सुधारायला लागलं, तर आपण किती वेळ बोलू? मुलांचंही तसंच आहे.

गोलू आणि पुस्तकांची सुट्टी

नवरात्रात इथल्या अनेक घरांत पायऱ्या मांडून बाहुल्या बसवतात. याला गोलू म्हणतात. मैलापूरच्या उत्तर माड वीथीवर या दिवसांत बाहुल्यांचा बाजार भरतो. देव, दशावतार, लग्नाची वरात आणि एक दुकानदार जोडपं. चेट्टियार शेठ आणि त्यांची बायको. त्यांच्यापुढे खऱ्या तांदूळ-डाळींचे छोटे ढीग मांडतात.

शेजारच्या मामींनी भाचीला काम दिलं, शेठच्या दुकानाचे भावफलक लिहायचं. तमिळ आणि इंग्रजीत तिने भराभर लिहिलं. मग स्वतःच म्हणाली, "मराठी गिऱ्हाईक आलं तर?" आणि तिसरी ओळ आली: 'तांदुळ', 'मुग', 'हरबरा'. शुद्धलेखनाच्या तपासणीत नापास, दुकानात पास. संध्याकाळी सुंडल खायला आलेल्या प्रत्येकाने ते फलक वाचले. भाची दाराशी उभी राहून कोण वाचतंय ते बघत होती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तमिळ घरांत सरस्वतीपूजा असते. वह्या-पुस्तकं देवापुढे ठेवायची आणि त्या दिवशी वाचायला-लिहायला चक्क मनाई! विजयादशमीला ती उचलायची आणि थोडं तरी वाचायचं. याच दिवशी लहान मुलांचा हात धरून तांदळात पहिलं अक्षर गिरवतात. आपल्याकडे दसऱ्याला पाटीवर सरस्वती काढून पूजतात, तिचीच ही बहीण म्हणा.

भाचीने देवापुढे शाळेची पुस्तकं ठेवली आणि सगळ्यात वर 'माझी चेनई'. दुपारी माझ्या कानात म्हणाली, "मावशी, मला त्यात एक आठवलेलं लिहायचंय. पण आज चालत नाही ना?" गेल्याच आठवड्यात वाचनाच्या नावाने रडणारी ही मुलगी. मनाईचा थोडा हातभार असेलही. पण खरं कारण वेगळं होतं असं मला वाटतं. आता तिच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं आणि ते कुणीतरी वाचणार होतं.

पन्नास पैशांचं पत्र

निघायच्या आदल्या दिवशी आम्ही पोस्टात गेलो. पोस्टकार्ड अजूनही पन्नास पैशांना मिळतं हे ऐकून भाचीने दहा घेतली. पहिलं तिने तिथेच, पोस्टाच्या बाकावर लिहिलं:

'मोठी आजी, तुझ पत्र पुर्वी आमच्या चेनईला आल होत. आता माझ तुला येतय. तुला दोन फोटोंची ओळ आठवते का? मला सांग.'

ताईने कार्ड हातात घेतलं. पर्समधलं पेन काढलं. मला वाटलं, झालं आता. पण तिने फक्त सांगलीचा पत्ता लिहिला, पिनकोडसकट, आणि कार्ड भाचीला परत दिलं. "तूच टाक पेटीत."

तीन आठवड्यांनी ताईने मला एक फोटो पाठवला. आजीचं उत्तर आलं होतं, कापऱ्या पण मोठ्या अक्षरांत. तिला ती ओळ आठवत नव्हती. पण फोटोत एक बैल होता एवढं आठवत होतं. आणि शेवटी तिने विचारलं होतं, 'तुमच्याकडे पाऊस लागला का? शाळेत डब्याला काय नेतेस?'

ताई म्हणाली, "पत्र वाचायला पंधरा मिनिटं लागली तिला. दोनदा अडली, मला विचारलं. मी फक्त तो शब्द सांगितला. बाकी काहीच विचारलं नाही. मग ती उत्तर लिहायला बसली."

"किती वाजता?"

"साडेसातलाच," ताई हसली.

तुम्हीही करून बघा

घरी मुलं असतील तर एवढं जरूर करा.

• पंधरा दिवस वाचनानंतरचा प्रश्न बंद करा. 'काय शिकलास?'ऐवजी स्वतः वाचलेली एखादी गंमत सांगा.

• महिन्यातून एकदा मुलाला वाचनालयात न्या आणि पुस्तक त्यालाच निवडू द्या. अर्धवट सोडलं तरी चालेल.

• लिहायला खरं काम द्या. किराण्याची यादी, फ्रिजवरची चिठ्ठी, पाहुण्यांसाठी पाटी.

• एक पोस्टकार्ड आणा. ज्याला ते मिळाल्यावर मनापासून आनंद होईल असं माणूस शोधा. तुमच्या ओळखीत एखादी मोठी आजी असेलच.

आणि चेन्नईला गेलात, तर एग्मोरला संग्रहालयाच्या आवारातलं कॉनेमारा वाचनालयही बघा. 5 डिसेंबर 1896 रोजी ते सुरू झालं. 1954 च्या कायद्यानुसार देशात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकाची एक प्रत ज्या चार ग्रंथालयांना पाठवायची असते, त्यातलं हे एक आहे. म्हणजे मराठी पुस्तकांनाही इथे हक्काची जागा आहे. वेळ कमी पडल्यामुळे आमचं ते राहिलंय. भाचीने पुढच्या सुट्टीतल्या पानावर नाव लिहून ठेवलंय: 'कोनेमारा'. मी दुरुस्त केलेलं नाही. तिथे गेल्यावर दारावरची पाटी ती स्वतःच वाचेल.